तीन मिनिटांचे मौन

आमच्या घरच्या पडवीत पितळी चौकटीचे एक वाटोळे घड्याळ आहे. ते खिळ्याला अडकवलेले नाही. चौकटीच्या तीन कानांतून स्क्रू घालून भिंतीला आवळून टाकलेले आहे, कारण ज्या भिंतीसाठी ते मुळात घडवले गेले ती स्थिर नव्हती. घरी येणाऱ्या मंडळींचे लक्ष त्याच्याकडे जाते ते मात्र तबकडीवरच्या रंगांमुळे. पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस या मिनिटांच्या जागी तांबडे पट्टे आहेत; शून्य ते तीन आणि तीस ते तेहेतीस या जागी हिरवे. हे पट्टे कशासाठी, असे प्रत्येक जण विचारतो. एका गृहस्थांनी तर यात राहुकाळ पाहण्याची सोय आहे काय, अशी मोठ्या आस्थेने पृच्छा केली होती.

घड्याळ आमच्या मामांचे. गोव्यातून बोटीवर जाणारी माणसे पुष्कळ. त्यांना आमच्याकडे तारवटी म्हणतात. त्यांतील बहुतेक जण बोटीच्या स्वयंपाकघरात, कोठारात वा यंत्रघरात राबत. मामांचे काम निराळे होते. ते व्यापारी जहाजावर बिनतारी अधिकारी होते. डोक्याला कर्णयंत्र चढवून एका लहानशा खोलीत बसायचे आणि टिंब-रेघांच्या भाषेत जगाशी बोलायचे, हा त्यांचा व्यवसाय. सुटीवर घरी आले की रात्री अंगणात बैठक जमे; मामा बंदराबंदरांच्या गोष्टी सांगत आणि ऐन रंगात आलेली गोष्ट अर्ध्यावर टाकून एकाएकी गप्प होत. मान किंचित कलती करून ते काही तरी ऐकत असल्यासारखे बसत आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा सुरू करीत. मामी म्हणत, "ह्यांना बोट घरी लागते!" आम्ही मुले हसत असू. घड्याळाकडे पाहण्याचे आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही.

त्या तांबड्या पट्ट्यांचा अर्थ पुढे मामांनीच आम्हांला समजावून दिला. जहाजांच्या बिनतारी यंत्रांसाठी ५०० किलोहर्ट्झ ही एक लहर सर्व राष्ट्रांनी मिळून राखून ठेवली होती. हाक मारायची ती या लहरीवर आणि संकटाची आरोळी द्यायची तीही याच लहरीवर. साहजिकच तेथे सदैव बाजार भरलेला असे. त्या गलबल्यात, पाणी शिरलेल्या एखाद्या बोटीवरून, संपत आलेल्या विजेवर चालणाऱ्या यंत्रातून निघालेली क्षीण हाक कोणाला ऐकू यावी? म्हणून आंतरराष्ट्रीय नियमच असा झाला की, प्रत्येक तासाला दोनदा, तीन-तीन मिनिटे, पृथ्वीच्या पाठीवरील सर्व जहाजांनी आणि सर्व किनारा-केंद्रांनी या लहरीवर मौन पाळायचे. त्या वेळात बोलण्याचा अधिकार एकालाच, जो बुडत आहे त्याला. बाकीच्यांनी ऐकायचे. हिरवे पट्टे हे तोंडी बोलण्याच्या दुसऱ्या एका लहरीचे, २१८२ किलोहर्ट्झचे. तिच्यावरही अशीच तीन-तीन मिनिटांची शांतता.

भूगोलाचे शिक्षक म्हणून आम्हांला यात एक मौज वाटते. जहाजावरील हे घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर लावीत. आपली भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास, म्हणजे मिनिटांचा हिशेब अर्ध्या तासाने चुकणार. परंतु पट्टे मुळात अर्ध्या तासाच्या अंतराने आखलेले असल्यामुळे ग्रीनिचचा सव्वा तो आपला पाऊण, आणि मौन तेच. मामा अंगणात गप्प होत तेव्हा आर्क्टिकपासून अंटार्क्टिकपर्यंतच्या सागरांवर त्यांचे सगळे व्यवसायबंधूही गप्प झालेले असत. आकाशवाणीवरही जगाने असे एकत्र मौन पाळल्याचे आमच्या माहितीत नाही.

एकदा त्या मौनात त्यांना खरोखरच एक हाक ऐकू आली होती. जहाज बिस्केच्या उपसागरात होते. हाक अशी पुसट की, पहिल्या खेपेस अक्षरे नीट लागेनात. त्यांनी कप्तानाला उठवले, जहाजाचे तोंड फिरले आणि रात्रभर वादळातून चालून ते सांगितलेल्या जागी पोचले. तर एका सोव्हिएत मच्छीमार जहाजाने ती माणसे आधीच उचललेली होती. कप्तानाने रोजनिशीत नोंद केली आणि जहाज पुन्हा आपल्या वाटेला लागले. जवळजवळ एक दिवस वाया गेला होता. आम्ही विचारले, "ती माणसे कोणत्या देशाची होती?" मामा जरा विचारात पडले आणि म्हणाले, "ते विचारायचे राहूनच गेले."

यंदा शाळेच्या वार्षिकासाठी संपादक-मंडळातील मुलांनी आमच्याकडे 'आंतरराष्ट्रीय सहकार्य' या विषयावर लेख मागितला. निरनिराळ्या राष्ट्रांचे ध्वज, शांततेची कबुतरे आणि एकमेकांचे हात हातात घेतलेले पुढारी, असे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे असावे. आम्हांला मात्र या घड्याळाखेरीज दुसरे काही सुचेना.

संकटाची खूण सर्वांनी एकच ठेवावी, हे ठरले १९०६ साली बर्लिन येथील परिषदेत. तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे: एसओएस. या अक्षरांतून 'आमचे जीव वाचवा' असा काही अर्थ निघतो असे पुष्कळांना वाटते. पण तो मागाहून बसवलेला अर्थ आहे. ती खूण निवडली ती ओळखायला सोपी, चुकायला अवघड म्हणून. हाक एक झाली. पण ती ऐकण्यासाठी कोणी जागे असलेच पाहिजे, असे मात्र त्या वेळी कोणी ठरवले नव्हते. त्याची किंमत १९१२ च्या एप्रिलमध्ये मोजावी लागली.

'टायटॅनिक'ची कथा विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. तेव्हा ती आम्ही पुन्हा सांगत नाही. आम्हांला सांगायचे आहे ते त्या रात्रीच्या दोन तरुणांविषयी. 'कॅलिफोर्नियन' नावाचे एक जहाज बर्फामुळे थांबून राहिले होते. त्यावर बिनतारी यंत्र चालवणारा एकच इसम, सिरिल एव्हान्स. त्याने दिवसभर काम केले, टायटॅनिकला बर्फाची वर्दी द्यायला गेला तेव्हा 'मध्ये बोलू नकोस' अशा अर्थाची दटावणी खाल्ली, आणि रात्री साडेअकराच्या सुमारास यंत्र बंद करून तो झोपला. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळले. एव्हान्सने कोणताही नियम मोडला नव्हता. दुसरा तरुण 'कार्पेथिया' जहाजावरचा हॅरल्ड कॉटम. तोही झोपायच्या बेतात होता. पण एका संदेशाच्या उत्तराची वाट पाहत असल्यामुळे कपडे उतरवतानाही कर्णयंत्र त्याच्या कानांवरच होते. त्याने हाक ऐकली. कार्पेथियाचे कप्तान आर्थर रॉस्ट्रन यांनी जहाजातील ऊब आणि गरम पाणी बंद करून सारी वाफ यंत्रांकडे वळवली आणि सुमारे ५८ सागरी मैलांवरून, अंधारात, हिमनगांच्या मधून वाट काढीत ते पहाटे चारच्या सुमारास तेथे पोचले. सातशेहून अधिक जीव वाचले. सुमारे दीड हजार बुडाले. ते सातशे वाचले याला एका तरुणाचा उतावीळपणा कारण, ही गोष्ट मनाला फार अस्वस्थ करते.

कॅलिफोर्नियनची कहाणी येथेच संपत नाही. तिच्या अधिकाऱ्यांनी क्षितिजावर आठ पांढरे बाण आकाशात उडताना पाहिले होते. विश्रांती घेत असलेल्या कप्तानाला त्यांनी तसे कळवलेही. दिव्याने खुणा करून पाहा, असे त्याने सांगितले. एव्हान्सला मात्र पहाटेपर्यंत कोणी उठवले नाही. दोन जहाजांतील अंतर किती होते यावर पुढे पुष्कळ वाद झाले. टायटॅनिकच्या होड्यांतील माणसांनी दूर एका जहाजाचा दिवा पाहिला होता, आणि त्याच्या रोखाने ती काही वेळ वल्हवतही राहिली. तो दिवा कॅलिफोर्नियनचाच, असे पुष्कळांचे मत आहे. आम्ही पूर्वी वर्गात या कप्तानावर मनसोक्त तोंडसुख घेत असू. अलीकडे घेत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

त्या दुर्घटनेनंतर लंडनला परिषद भरली आणि सागरावरील जीविताच्या सुरक्षिततेचा पहिला करार २० जानेवारी १९१४ रोजी झाला. जीवननौका पुरेशा असाव्यात, बिनतारी यंत्रावर अखंड पहारा असावा, उत्तर अटलांटिकमधील हिमनगांवर नजर ठेवण्यासाठी गस्त असावी, असे त्यात ठरले. त्यापूर्वी चारच वर्षे, १९१० साली, ब्रसेल्सच्या करारात आणखी एक कलम आलेले होते. आपल्या जहाजाला गंभीर धोका नसेल तर समुद्रात जीव धोक्यात असलेल्या प्रत्येकाला, मग तो शत्रू का असेना, कप्तानाने साहाय्य केलेच पाहिजे, असा त्याचा आशय. 'शत्रू का असेना' हे शब्द लिहिणाऱ्या राष्ट्रांनीच १९१४ च्या ऑगस्टपासून चार वर्षे एकमेकांची जहाजे बुडवली! लंडनचा करार त्या युद्धामुळे अमलातच आला नाही. परंतु तो मेला नाही. १९२९, १९४८, १९६० आणि १९७४ साली तो पुन्हा पुन्हा लिहिला गेला. दोन महायुद्धे मध्ये येऊन गेली, तरी हे कलम पुसून टाकावे असे कोणालाही वाटले नाही.

शीतयुद्धाच्या काळातील गोष्ट तर याहून नवलाची. अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स या चार देशांनी १९७९ मध्ये करार केला की, संकटात सापडलेल्यांची हाक टिपणारे उपग्रह आपण मिळून चालवू. एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून बसलेल्यांचा हा करार! १९८२ च्या सप्टेंबरात कॅनडाच्या डोंगराळ मुलखात कोसळलेल्या एका लहान विमानाची हाक सोव्हिएत उपग्रहाने टिपली आणि तीन माणसे वाचली. ती या योजनेची पहिली सुटका. पुढे आपला देशही तीत सामील झाला. बंगळूर आणि लखनौ येथे ती हाक झेलणारी केंद्रे आहेत. १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांवर ही नवी व्यवस्था सर्वत्र लागू झाली, टिंब-रेघांचा पहारा उठला आणि मामांचा व्यवसायही संपला. त्यांचे जुने जहाज मोडीत निघाले तेव्हा त्यांनी हे घड्याळ मागून घेतले. मामांच्या मागे मामींनी ते आम्हांला दिले.

आता आमच्या नदीकडे वळू. आमच्या घरासमोर मांडवी, आणि पलीकडे दिवाडी बेट. फेरीबोटीने तेथे जाताना शेते, खारफुटी आणि टेकडीवरचे चर्च दिसते. हे बेट पृथ्वीप्रदक्षिणेला माणसे धाडते असे नवख्याला सांगून पटायचे नाही. पण येथील कारखान्यात रत्नाकर दांडेकर यांनी 'म्हादेई' ही शिडाची नौका बांधली, आणि २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना २०१७-१८ मध्ये जगाभोवती फिरवून आणणारी 'तारिणी'ही याच कारखान्यातली. आणि 'थुरिया'ही येथलीच.

'थुरिया' ही नौका सुमारे ३२ फूट लांबीची, 'सुहेली' या जुन्या नौकेची प्रतिकृती. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये जिच्यातून कोठेही न थांबता एकट्याने प्रथमच पृथ्वीला वळसा घातला ती सुहेली मुंबईत बांधलेली होती. त्या पराक्रमाला ५० वर्षे झाली म्हणून २०१८ मध्ये तशीच शर्यत लावण्यात आली. अट अशी की, साधनेही त्या काळचीच वापरायची. सूर्य-ताऱ्यांचे उन्नतांश मोजून आपली जागा आपण काढायची. १ जुलैला फ्रान्सच्या किनाऱ्यावरून स्पर्धक निघाले. त्यांत आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी थुरियामधून निघाले. शाळेच्या भिंतीवर आम्ही जगाचा मोठा नकाशा लावला होता आणि मुले रोज टाचणी पुढे सरकवीत. ऐंशीहून अधिक दिवस ती टाचणी नीट चालली. टॉमी तिसऱ्या क्रमांकावर होते.

२१ सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिण भागात भयंकर वादळ झाले. थुरिया उलथली, तिची डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. त्यांना उठताही येईना. आणीबाणीची पिशवी नौकेतच होती, पण ती हाताला येईना. ऑस्ट्रेलियाच्या पर्थ बंदरापासून ते सुमारे १९०० सागरी मैलांवर होते. नकाशावर ती जागा मुलांनी शोधली तेव्हा भोवती टाचणी टोचण्याजोगे दुसरे गावच नव्हते. लघुसंदेशाच्या यंत्रावरून चार-दोन शब्द आले, संकटसूचक यंत्राची हाक उपग्रहाने झेलली, आणि मग मामांच्या भाषेत सांगायचे तर सगळे गप्प होऊन ऐकू लागले.

येथे एका गोष्टीकडे विद्यार्थ्यांनी नीट लक्ष द्यावे. कोणी कोणाला विनवण्या केल्या नाहीत. १९७९ च्या हॅम्बर्ग येथील करारानुसार जगातील सागर शोध आणि बचावासाठी वाटून दिलेले आहेत. ही वाटणी मालकीची नाही, कामाची आहे. भारताच्या वाट्याला फार मोठा टापू आलेला असून मुंबई, चेन्नई आणि अंदमान येथील तटरक्षक दलाची केंद्रे तो सांभाळतात. (१५५४ हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक मासेमारी करणाऱ्या घरांतील मुलांनी पाठ करून ठेवावा.) थुरिया जेथे होती तो टापू ऑस्ट्रेलियाच्या वाट्याचा, म्हणून सूत्रे हलवली ती कॅनबेरा येथील केंद्राने. कॅनबेरा हे गाव समुद्रापासून शंभर किलोमीटरहून अधिक आत आहे! तेथे बसलेल्या माणसाच्या खिडकीतून थेंबभर खारे पाणी दिसत नाही. पण त्या रात्री त्या ओसाड सागराची जबाबदारी त्याची होती, आणि ती कोणाची हे कित्येक वर्षांपूर्वी ठरलेले असल्याने विचारपूस करण्यात एक क्षणही गेला नाही.

मॉरिशसहून भारतीय नौदलाचे विमान उडाले. ऑस्ट्रेलियाचेही विमान निघाले. भारतीय विमानाला २३ सप्टेंबरला ती नौका दिसली. मोडलेली डोलकाठी दोरखंडांसह कडेला लोंबत होती. आतल्या माणसाने संकटसूचक यंत्राने खूण करून आपण जिवंत असल्याचे कळवले. ग्रेगर मगुकिन हा आयरिश स्पर्धक त्याच वादळात सापडला होता. त्याच्या दोन्ही डोलकाठ्या गेल्या होत्या. त्याने उरल्यासुरल्या लाकडांवर एक तात्पुरते शीड उभारले आणि ती लंगडी नौका घेऊन तो टॉमींच्या दिशेने निघाला. त्याच्याकडून कोणी शर्यतीची अपेक्षा केली नसती, पण ही चाल तरी कोणी अपेक्षिली होती? शेवटी २४ सप्टेंबरला मासेमारीवर गस्त घालणारे 'ओसिरिस' हे फ्रेंच जहाज पोचले, त्यावरच्या माणसांनी लहान होड्या सोडल्या आणि टॉमींना पाठीला धक्का न लागू देता उचलून घेतले. मग त्यांनी मगुकिनलाही घेतले. दोघांना आमस्टरडाम या फ्रेंच बेटावर नेण्यात आले आणि तेथून आपली युद्धनौका 'सातपुडा' टॉमींना मायदेशी घेऊन आली. थुरिया मात्र समुद्रातच सोडून द्यावी लागली. (कण्यावर शस्त्रक्रिया झालेला हा मनुष्य पुढल्या शर्यतीत पुन्हा उतरला आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये दुसरा आला, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.)

त्या दिवशी शाळेत पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी आम्ही या विषयावर वीस मिनिटे बोललो. भाषण चांगले झाले असे सर्व जण म्हणाले.

हे सारे असेच चालते, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. ज्या ऑस्ट्रेलियाने टॉमींसाठी विमाने धाडली, त्याच देशाच्या बचावकेंद्राच्या हाकेवरून २००१ च्या ऑगस्टमध्ये 'टाम्पा' या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने एका बुडत्या लाकडी बोटीवरची ४३३ माणसे उचलली. बहुतेक अफगाणिस्तानातून जीव घेऊन निघालेली. जहाजावर खलाशी सत्तावीस. कप्तान आर्ने रिनन यांनी जवळच्या ख्रिसमस बेटावर ती माणसे उतरवू म्हटले, तर सरकारने परवानगी नाकारली आणि जहाजावर सैनिक चढवले. बुडताना माणसाला देश नसतो. बाहेर काढल्यावर मात्र तो लगेच चिकटतो. पुढे २००४ मध्ये करारात दुरुस्त्या झाल्या: वाचवलेल्यांना सुरक्षित जागी उतरवण्याचे दायित्व कप्तानावर न टाकता सरकारांनी मिळून उचलावे. १ जुलै २००६ पासून त्या लागू आहेत. तरीही भूमध्य समुद्रात वाचवलेल्या माणसांना घेऊन जहाजे बंदराबाहेर ताटकळल्याच्या बातम्या त्यानंतरही येतच राहिल्या. नियम लिहिणे आणि दार उघडणे यांत अंतर आहे. पण नियम नसता तर ताटकळायलाही कोणी उरले नसते, असे आम्हांला वाटते.

आता आमचे कारण.

२०१९ मध्ये पाऊस लांबला होता. ऑक्टोबरातील एका रात्री आम्ही सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. बाहेर सरी येत-जात होत्या आणि नदीला ओहोटीची ओढ होती. मध्यरात्र उलटून गेल्यावर पाण्याच्या दिशेने आरोळी ऐकू आली. मग आणखी एक. आम्ही उठलो, पडवीतला दिवा लावला आणि दारात उभे राहिलो. शब्द कळत नव्हते. भाषा येथली नव्हती. दारू पिऊन भांडत असतील, असे एक मनात आले. इतक्यात शेजारच्या घरी विजेरी हललेली दिसली. हे शेजारी म्हणजे साठी उलटलेले गृहस्थ, मासेमारी करणारे. त्यांचे आणि आमचे कुंपणाच्या हद्दीवरून कित्येक वर्षे कोर्टात चालले आहे आणि बोलणे जवळजवळ बंद. आम्ही मनाशी म्हणालो, 'जात आहेत ना ते!' दिवा मालवला आणि आत येऊन उरलेल्या उत्तरपत्रिका तपासल्या.

रेतीची होडी उलटली होती. तीत परप्रांतातले तीन मजूर होते. शेजाऱ्यांनी एकट्याने आपली होडी घालून दोघांना काढले. तिसरा, फार तर अठरा-एकोणीस वर्षांचा, दोन दिवसांनी खालच्या अंगाला खारफुटीत सापडला. पोलिसांनी काठावरच्या सर्वांना विचारले. 'नीट असे काही ऐकू आले नाही,' असे आम्ही सांगितले आणि त्याखाली सही केली.

आठवड्याने धक्क्यावर शेजारी होडीतले पाणी उपसत होते. आम्ही काही तरी बोलायचे म्हणून बोललो, तुम्ही धाडस केलेत वगैरे. ते उपसतच राहिले. मग आपल्या कोंकणीत सहज म्हणाले, "मास्तर, तुमचा दिवा लागलेला पाहिला. म्हटले, तुम्ही निघालात. ओढ फार होती, वल्ह्याला दुसरा माणूस हवा होता. म्हणून थोडा थांबलो."

किती थांबलात, असे आम्ही विचारले नाही. आजवर विचारलेले नाही. ते दोन मिनिटे थांबले असतील, किंवा तीन. त्या अवधीत काय झाले असते आणि काय नसते, याचा हिशेब कोणत्याही घड्याळावर होत नाही. एवढे मात्र खरे की, आम्ही दुष्टपणाने घरात बसलो नव्हतो. कॅलिफोर्नियनवरचे लोकही दुष्ट नव्हते. जायचे कोणी, हे आधी ठरलेले नव्हते, आणि ठरलेले नसले म्हणजे दुसऱ्याची विजेरी पाहून माणसाला केवढे हायसे वाटते!

पुढच्या पावसाळ्याच्या आधी आम्ही त्यांच्या घरी गेलो. कित्येक वर्षांत प्रथमच. आमच्या फणसाला रुळाचा एक तुकडा टांगायचा. आरोळी आधी ज्याच्या कानी पडेल त्याने तो बडवायचा. मग दोघांनीही धक्क्यावर यायचे आणि कोणी कोणासाठी थांबायचे नाही, जो आधी पोचेल त्याने होडी सोडायची, दुसऱ्याने दुसरी. इतके ठरायला अर्धा तासही लागला नाही. दुसरी होडी नव्हती. ती आम्ही जुनी विकत घेतली. वल्हवायला त्यांनी शिकवले, आणि शिकवताना बरेच सुनावलेही. रूळ त्यानंतर दोनदा वाजला: एकदा फेरीबोट चुकलेल्या एका मद्यप्यासाठी, आणि एकदा वाहून चाललेल्या म्हशीसाठी. दोन्ही वेळा ते आमच्या आधी पोचले.

दावा अजून चालू आहे. पुढच्या महिन्यात तारीख आहे. दोघेही आपापल्या वकिलांबरोबर जाऊ. दोन्ही होड्यांची वल्ही मात्र आमच्या पडवीत घड्याळाखाली टेकवून ठेवलेली असतात, कारण त्यांच्या पडवीत पावसाचे पाणी येते.